नॉरिचचे ‘परके’ आणि आपले परप्रांतीय

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर गेले वर्षभर एकच वाद फिरून फिरून येतो आहे. डोंबिवलीला राहणारा माझा धाकटा भाऊ म्हणतो की, परप्रांतीयांचे लोंढे थांबवल्याशिवाय मराठी माणसाला मुंबई परिसरात जागा उरणार नाही. आणि ठाण्याची मावसबहीण त्याला विचारते की, हे लोक गेले तर इमारती कोण बांधणार आणि दारावर भाजी कोण आणणार. इंग्लंडच्या पूर्व भागातील नॉरिच या शहरात मी अकरा वर्षे राहतो आहे, म्हणजे इथे मीच बाहेरचा आहे, आणि त्यामुळे या वादात तोंड घालताना मला संकोच वाटतो. परंतु ट्यूडर राजवटीत, साडेचारशे वर्षांपूर्वी, हाच प्रश्न या शहरापुढे उभा राहिला होता आणि त्याची लेखी नोंद शहराने ठेवली आहे. ती दोघांपुढे मांडण्यासाठी हा लेख आहे.

सोळाव्या शतकातले नॉरिच हे लंडनखालोखाल मोठ्या इंग्रजी शहरांपैकी एक होते, पण सुखी नव्हते. १५०७ साली दोन मोठ्या आगींत शहराचा बराच भाग जळून गेला. एल्म हिल या दगडी फरसबंदीच्या गल्लीतले एकच घर त्यातून वाचले, आणि नव्या घरांना गवताऐवजी कौले घालावीत असा नियम शहराला करावा लागला. पुढे १५४९ मध्ये सामाईक कुरणे जमीनदारांनी कुंपणात घेतल्यामुळे चिडलेल्या शेतकऱ्यांचे बंड रॉबर्ट केटच्या नेतृत्वाखाली थेट शहरात शिरले. ते मोडून काढल्यावर केटला नॉरिचच्या किल्ल्यावरच फाशी देण्यात आले. या साऱ्यात भर म्हणजे ज्या लोकरी कापडावर शहर जगत होते त्याला गिऱ्हाईक उरले नव्हते आणि मागांवर काम नव्हते.

अशा वेळी १५६५ साली महापौर थॉमस सोदरटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समुद्रापलीकडच्या फ्लँडर्स भागातील विणकरांना बोलावण्याचे ठरवले. हे विणकर प्रॉटेस्टंट होते आणि स्पेनच्या राजवटीतील धार्मिक छळातून निसटलेले होते. नव्या धाटणीचे हलके लोकरी कापड विणण्याची विद्या त्यांच्याकडे होती. एलिझाबेथ राणीने दिलेल्या सनदेत नेमका आकडा होता: तीस कुटुंबप्रमुख, त्यांपैकी चोवीस डच बोलणारे आणि सहा फ्रेंच बोलणारे वालून, आणि प्रत्येकाच्या घरात नोकरांसह दहा माणसे, म्हणजे एकूण तीनशे. या परवानगीवर शहराचा सामाईक शिक्का उमटवायला सामान्य नागरिकांच्या सभेने नकार दिला, तेव्हा महापौरांनी आपल्या पदाचा शिक्का वापरला. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण निर्णय चूक ठरला असता तर तो कोणाचा होता हे कागदावर लिहिलेले होते.

या लोकांना इथे ‘परके’ म्हणत, आणि नगराच्या दफ्तरातही तोच शब्द आहे. त्यांना चांगली वागणूक मिळाली असे सरसकट म्हणता येणार नाही. त्यांनी काय विकावे, कोणाला विकावे आणि रात्रीची घंटा झाल्यावर कुठे असावे, यावर बंधने होती. १५७० मध्ये त्यांना हुसकावून लावण्यासाठी काही प्रतिष्ठित घराण्यांतील माणसांनी कट रचला. तो उघडकीस आला आणि त्यातल्या काहींना मृत्युदंड झाला. दुसरीकडे, १५६७ साली क्लाइस व्हान वेर्वेकिन नावाच्या एका टोप्या बनवणाऱ्याने मागे राहिलेल्या बायकोला इथून लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. इथली माणसे इतकी प्रेमाने वागतात की तुझा विश्वास बसणार नाही, असे तो सांगतो. आणि मग येताना पीठ मळायची काथवट आण, इथे मिळत नाही, लोण्याचे गोळे करायला लाकडाच्या दोन लहान ताटल्या आण, कारण इथे सगळे डुकराच्या चरबीवर चालते, अशी यादी देतो. पहिल्या वर्षी मी पत्नीला पोळपाट-लाटणे आणि साणशी आणायला सांगितली होती. ते पत्र मी पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही.

तीनशेची मर्यादा अर्थातच टिकली नाही. १५७९ च्या सुमारास शहराच्या साधारण सोळा हजार वस्तीत सहा हजारांच्या आसपास परके होते, म्हणजे तीन माणसांत एकाहून अधिक. त्याच वर्षी प्लेगने शहरातील हजारो माणसे नेली.

पण भावासाठी खरा मुद्दा वेगळाच आहे. परक्यांची गणती करणाऱ्या या शहराने त्याच काळात आपल्या गरिबांचीही गणती केली. १५७० साली, जॉन ऑल्डरिच महापौर असताना, घरोघर फिरून तेवीसशेहून अधिक गरीब माणसांची यादी करण्यात आली: वय, धंदा, घर कोणाचे, मुले किती, काम मिळते का. त्या यादीत दिसते ते असे की, यातले बहुतेक लोक कामच करत होते. सत्तरी-ऐंशीच्या विधवा सूत कातत होत्या, लहान मुले विणकाम करत होती, आणि तरीही घर चालत नव्हते. यावरचा उपाय कठोर होता. भीक मागणाऱ्याला चाबकाचे फटके आणि त्याला दारात अन्न देणाऱ्याला दंड. ते अनुकरणीय नाही. मात्र ऐपतदारांवर सक्तीचा कर बसला, आणि मुलांना काम व अक्षरे शिकवण्यासाठी पेठापेठांत बायका नेमल्या गेल्या.

आपल्याकडे यातले काय झाले? टाळेबंदीत लाखो मजूर पायी गावी निघाले, आणि सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितले की, वाटेत किती मजूर मेले याची माहिती आपल्याकडे नाही. वास्तविक आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा कायदा होता. ठेकेदाराची नोंदणी, प्रवासखर्च आणि राहण्याची सोय या तरतुदी त्यात होत्या. मजूर आणणारा ठेकेदार, त्यांना कामावर ठेवणारा बिल्डर आणि नोंद न करणारे कार्यालय, हे तिघेही बहुतेक वेळा मराठी वादाच्या बाहेर राहतात, आणि चोप मात्र रिक्षावाल्याला आणि पाणीपुरीवाल्याला मिळतो. भारताच्या नागरिकाला देशात कुठेही राहण्याचा हक्क आहे, त्यामुळे नॉरिचसारखी सनद देता येणार नाही हे मला ठाऊक आहे. परंतु नोंद ठेवायला राज्यघटना आड येत नाही.

भाषेबद्दलही एवढेच सांगतो. तीनांत एक माणूस परका असूनही नॉरिचची इंग्रजी बुडाली नाही, कारण नगरसभा, न्यायालय आणि बाजार इंग्रजीतच चालत होते. परक्यांना स्वतःची प्रार्थनास्थळे होती, अँथनी द सोलेम्प्ने या त्यांच्यातल्याच माणसाने इथला पहिला छापखाना काढून डच पुस्तके छापली, तरी काही पिढ्यांनी त्यांची मुले इंग्रजच झाली. पहिलीपासून हिंदी आणण्याचा निर्णय २०२५ च्या जूनमध्ये सरकारने मागे घेतला हे योग्यच झाले. पण माझ्या भावाची दोन्ही मुले इंग्रजी माध्यमात आहेत, आणि हे त्याला कोणत्याही परप्रांतीयाने करायला लावलेले नाही.

डोंबिवलीच्या ज्या नाक्यावर पहाटे डबा घेऊन मजूर उभे राहतात, तिथे महापालिकेने एक नोंदवही ठेवावी, अशी मागणी त्याने आपल्या प्रभागात करावी अशी माझी इच्छा आहे. नाव, गाव, ठेकेदार, राहण्याची जागा आणि मुले कोणत्या शाळेत जातात, एवढे पाच रकाने पुरेत.