बायपासआधी व्हिटॅमिन सी घेतलं की किडनी वाचते?

शेजारच्या काकांची बायपासची तारीख ठरली आहे. गेल्या आठवड्यात काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज दाखवला. त्यात लिहिलं होतं: हार्ट-लंग मशीनमुळे (ऑपरेशनभर हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं यंत्र) ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ वाढून किडनी निकामी होते, पंधरा दिवस आधीपासून व्हिटॅमिन सी आणि ई भरपूर घ्या, नैसर्गिक आहे, अपाय नाही, मशीनशिवायच बायपास करा, पाणी भरपूर प्या, डॉक्टरांकडे किडनीसाठी उपायच नसतो. मी पर्फ्युजनिस्ट आहे, ते मशीन रोज चालवते. म्हणून उत्तर देणं मला भाग आहे.

मशीनबद्दलचं अर्धं खरं आहे. पंप आणि सक्शनमध्ये काही लाल पेशी फुटतात, मोकळं हिमोग्लोबिन आणि लोह रक्तात उतरतं, त्यातून फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, तयार होतात. यांचा भार वाढणं म्हणजेच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. हृदयशस्त्रक्रियेनंतर साधारण चार-पाच रुग्णांमागे एकाच्या किडनीला इजा होते. पण ४८ तासांत क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) ०.३ मिलिग्रॅम/डेसिलिटरने वाढलं तरी तिची नोंद ‘इजा’ अशीच होते. डायलिसिस फार थोड्यांना लागतं. सौम्य इजाही दुर्लक्षून चालत नाही, हे मात्र मी आवर्जून सांगेन.

आता मुख्य दावा. फ्री रॅडिकल्स आहेत, मग त्यांना निष्प्रभ करणारं अँटिऑक्सिडंट दिलं की झालं, हे ऐकायला पटतं. संशोधकांनाही पटलं होतं, म्हणून तर त्यांनी तपासून पाहिलं. फ्री रॅडिकल्स कमी होतील या आशेने दिलेल्या सोडिअम बायकार्बोनेटच्या सुरुवातीच्या छोट्या चाचणीने आशा दाखवली, पण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ३५० रुग्णांच्या चाचणीत फायदा दिसला नाही आणि ती मध्येच थांबवावी लागली. स्टॅटिन्सचंही (कोलेस्टेरॉलच्या गोळ्या) तेच. चीनमध्ये १,९०० हून अधिक रुग्णांवर रोसुवास्टॅटिन ही त्यातलीच गोळी वापरून पाहिलं (२०१६), तर किडनीची इजा उलट वाढली. अॅसिटिलसिस्टीन या अँटिऑक्सिडंट औषधानेही भरवशाचा फायदा दिला नाही.

मला सर्वांत बोलकी वाटते ती अमेरिकेतली २०० रुग्णांची चाचणी. निम्म्यांना ऑपरेशनभर शंभर टक्के ऑक्सिजन दिला, निम्म्यांना गरजेपुरताच. पहिल्या गटात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस स्पष्ट वाढला, पण किडनीच्या इजेत फरक पडला नाही. कारण किडनीला एकाच बाजूने मार बसत नाही. प्रेशर घसरतं, रक्त पातळ होतं, शिरांमध्ये रक्त तुंबतं, सूज येते. किडनीचा आतला भाग तर एरवीही जेमतेम ऑक्सिजनवर चालतो.

आणि ‘अपाय नाही’? जास्तीच्या व्हिटॅमिन सीचं शरीरात ऑक्सलेट होतं आणि त्याचे खडे किडनीच्या नलिकांत साचू शकतात. ज्यांची किडनी आधीच कमजोर आहे त्यांना हा धोका अधिक, आणि हा मेसेज नेमका त्यांनाच घाबरवतो. सेप्सिसच्या (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागणं) ८७२ आयसीयू रुग्णांच्या २०२२ च्या चाचणीत शिरेतून व्हिटॅमिन सीचे मोठे डोस दिलेल्या गटात मृत्यू किंवा अवयव निकामी राहण्याचं एकत्रित प्रमाण जास्त निघालं. आजार वेगळा होता, पण निर्धास्तपणा संपायला एवढं पुरे. व्हिटॅमिन ईच्या मोठ्या डोसने रक्तस्राव वाढू शकतो. आवळा, संत्रं जेवणात खा, त्याबद्दल तक्रार नाही.

मशीनशिवाय बायपासची ४,७५२ रुग्णांची मोठी चाचणी झाली, त्यात भारतातले रुग्णही होते. पहिल्या महिन्यात किडनीची सौम्य इजा थोडी कमी दिसली, पण वर्षभरानंतर किडनीच्या कामात फरक उरला नाही. कोणती पद्धत घ्यायची हे रक्तवाहिन्या पाहून सर्जन ठरवतो. पाण्याचं म्हणाल, तर हृदय कमजोर असलेल्याला ते मोजूनच प्यावं लागतं.

उपायच नाही, हे तर साफ खोटं. पंपावर असताना शरीराला मिनिटाला किती ऑक्सिजन पोहोचतोय यावर मी नजर ठेवते आणि तो कमी पडला की फ्लो, म्हणजे मशीनमधून वाहणारं रक्त, वाढवते. प्रेशर, साखर, लघवी, सगळं मोजलं जातं. २०२४ साली ३,५११ रुग्णांच्या चाचणीत शिरेतून अमिनो अॅसिड्स दिल्यावर किडनीची इजा ३१.७ टक्क्यांवरून २६.९ वर आली, आणि ती अँटिऑक्सिडंट म्हणून दिलेली नव्हती.

काकूंना मी काकांच्या गोळ्यांचा डबा आणायला सांगितलं. गुडघ्यासाठी रोज दोन डायक्लोफेनॅक निघाल्या. ही पेनकिलर किडनीचा रक्तपुरवठा कमी करते, आणि हॉस्पिटलच्या यादीत ती नव्हतीच. काकूंनी तिथूनच सर्जनच्या सहायकाला फोन लावला.