ड्राय बाल्कनीतलं बेक्ड व्हेजिटेबल

बेक्ड व्हेजिटेबलच्या पाककृतीत अगदी वरच 'तयारीचा वेळ : १५ मिनिटं' असं छापलेलं असतं. ही पंधरा मिनिटं नेमक्या कुणाच्या घरात मोजली, हे एकदा कुणीतरी विचारायला हवं. त्या घरात भाज्या आपल्या आपण चिरून होत असाव्यात, आणि मुख्य म्हणजे स्वयंपाकघरात दुसरं कुणीही नसावं. आमच्या घरात आई आहे, बायको आहे, मुलगी आहे. तिघींचं एकमत होईल असे विषय फार थोडे. मला ओट्याशी एकटं सोडू नये, हा त्यातला एक.

निमित्त होतं केळवणाचं. ताईच्या मुलीचं लग्न ठरलं म्हटल्यावर मामाकडचं केळवण आलंच. मेनू आईने एका दमात सांगितला : मसालेभात, अळूचं फदफदं, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, मठ्ठा, जिलबी. म्हणजे १९७५ साली ठरला असता तोच. लेकीने लगेच हरकत घेतली. "आजी, ती अळू खात नाही गं. तिला चीज आवडतं." दोन्ही पक्ष हटेनात, तेव्हा बायकोने तोडगा काढला. एक पदार्थ नवीन करायचा, आणि तो 'हा' करेल. तडजोडीत 'हा' म्हणून ज्याचा उल्लेख होतो, त्याला सहसा आधी विचारलेलं नसतं.

खरं तर नवीन कसलं? मध्यमवर्गीय मराठी घरांत हा पदार्थ येऊन चाळीस वर्षं तरी झाली असतील. आईने स्वतः ओव्हनचा क्लास केला होता. झाकणाला काचेची खिडकी असलेला तो अ‍ॅल्युमिनियमचा गोल ओव्हन आजही माळ्यावर आहे आणि त्यात जुनी तोरणं ठेवलेली आहेत. त्याआधी तर दिवाळीची नानकटाई भाजायला डबा घेऊन बेकरीतच जायचं. क्लासची वहीही आईने जपून ठेवली आहे. तिच्यात बेक्ड व्हेजिटेबलपुढे '३५० वर अर्धा तास' असं सुवाच्य अक्षरात लिहिलंय. आमच्या ओव्हनचं बटण २५० वर संपतं.

"३५० फॅरनहाइट, आई. म्हणजे सेल्सिअसमध्ये साधारण १७७."

"मग सरळ सांग ना, तुझा ओव्हन कमी ताकदीचा आहे म्हणून."

भाज्यांपासून सुरुवात केली. फ्लॉवर, गाजर, फरसबी, मटार, मक्याचे दाणे. या पदार्थाचा खरा शत्रू पाणी. भाज्या अर्ध्याच वाफवायच्या, निथळायच्या आणि कोरड्या पंचावर पसरून ठेवायच्या. नाहीतर ओव्हनमध्ये त्यांना पाणी सुटतं आणि सॉस तळाशी जाऊन बसतो. हे सगळं मला नीट माहीत होतं. मला माहीत नव्हतं ते इतकंच, की मी आंघोळीला गेलो तेवढ्यात आईने फ्लॉवरचे तुरे अळ्या निघाव्यात म्हणून कढत पाण्यात मीठ आणि हळद घालून बुडवून ठेवले होते. हेतू चांगलाच होता, अळ्याही निघतात. पण फ्लॉवर हळद सोडत नाही. नंतर त्यावर कितीही व्हाइट सॉस ओता, तो व्हाइट राहत नाही. कढीचा रंग येतो.

आता व्हाइट सॉस. दोन चमचे लोणी, दोन चमचे मैदा, एक कप दूध, असं त्याचं प्रमाण. आमच्या पंगतीसाठी मी अर्धा लिटर दूध घेतलं आणि बाकीचं त्या हिशेबाने वाढवलं. मैदा आधी लोण्यावर परतायचा, याचं कारण मला आवडतं. पिठाच्या कणाकणाला लोणी लागलं, की दूध पडल्यावर ते कण एकमेकांना चिकटत नाहीत. शिवाय पिठाचा कच्चट वासही जातो. मग दूध थोडं थोडं घालत उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं. उकळीपर्यंत धीर धरला नाही, तर सॉस दाट होत नाही आणि आपण उगाच आणखी मैदा घालतो. हे मी ढवळता ढवळता मोठ्याने समजावून सांगत होतो. आईने पातेल्यात डोकावून पाहिलं.

"ही तर खळ झाली. यावर आकाशकंदील चिकटेल."

आणि मग तिने माझ्या हातातला विस्क काढून घेतला आणि रवी आणली. आयुष्यभर पिठलं हाटलेल्या बाईला गुठळ्यांविषयी फ्रेंच माणसाने शिकवावं, हे तिला पटणं शक्यच नव्हतं. खोटं कशाला बोलू, रवीने सॉस जास्त तुकतुकीत झाला.

या सॉसला बेशामेल म्हणतात, ही माहिती लेकीने फोनवरून वाचून दाखवली. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या दरबारात लुई द बेशामेल नावाचा कारभारी होता, त्याचं नाव सॉसला मिळालं. बेशामेल पैशाअडक्याच्या व्यवहारातला माणूस. स्वयंपाक हा काही त्याचा धंदा नव्हता. ढवळलं कुणीतरी दुसऱ्यानेच असणार. आईने रवी न थांबवता विचारलं, "आणि त्याची आई काय करत होती?" याचं उत्तर फोनमध्ये नव्हतं.

जायफळावर मात्र आश्चर्यकारकरीत्या सगळ्यांचं जमलं. बेशामेलमध्ये जायफळ घालतात म्हटल्यावर आईच्या चेहऱ्यावर या पदार्थाबद्दल पहिल्यांदाच आदर दिसला. तिच्या लेखी जायफळाची जागा पुरणात किंवा श्रीखंडात. त्यामुळे तिने ते पुरणाच्या हाताने किसलं. घरभर पुरणपोळीचा वास सुटला. शेजारच्या काकूंनी दारातून डोकावून आज कुठला सण आहे, असं विचारलं. हिंग घालण्याचा तिचा प्रस्ताव मात्र मी मोडून काढला. माझ्या नावावर जमा झालेला त्या दिवसातला एकमेव विजय तो.

चीजची कथा थोडी किचकट आहे. आमच्या लहानपणी चीज पत्र्याच्या डब्यात यायचं. डबा उघडायला कटर लागायचा आणि उघडल्यावर तो संपेपर्यंत घरात तणाव असायचा. ते प्रोसेस्ड चीज. १९१६ साली जेम्स क्राफ्ट नावाच्या माणसाने अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं, ते चीज टिकावं म्हणून. त्यात असे क्षार घालतात, की तापवल्यावर तूप वेगळं होत नाही, सगळं एकजीव राहतं. त्यामुळे ते छान वितळतं, पण त्याला तार येत नाही. तार येते मोझरेलाला, कारण ते करतानाच गरम पाण्यात ओढून ओढून केलेलं असतं. मी शहाणपणाने दोन्ही आणली : चवीला प्रोसेस्ड, तारेला मोझरेला. आईने पाकिटावरची किंमत वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली, आणि म्हणाली, "एवढ्यात दोन किलो पनीर आलं असतं." दोन किलो येणार नाही, पण अशा वेळी हिशेब घालायचा नसतो. किसताना लेक शेजारी उभी होती. किसणीतून जेवढं खाली पडत होतं, त्यातलं बरंच भांड्यापर्यंत पोचत नव्हतं.

इथवर सगळं सुसह्य होतं. खरी गोष्ट प्लगची आहे.

ओटीजीचा, म्हणजे ओट्यावर ठेवायच्या विजेच्या ओव्हनचा, प्लग जाड पिनांचा असतो. आमचा ओव्हन १५०० वॅटचा. २३० व्होल्टला तो साडेसहा अँपिअर ओढतो आणि साधं सॉकेट असतं ६ अँपिअरचं. म्हणजे त्याला मोठं सॉकेट लागतं. आमची इमारत बांधणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जे कुटुंब होतं, ते गरम पाण्याने आंघोळ करणारं, कपडे धुणारं, पण काहीही बेक न करणारं होतं. मोठं सॉकेट एक बाथरूममध्ये, एक बेडरूममध्ये एसीसाठी छताजवळ, आणि एक ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनसाठी. बाथरूममध्ये पाहुण्यांसाठी जेवण शिजवायला आमचा सगळ्यांचाच विरोध होता. छताजवळ ओव्हन पोचत नव्हता. राहिली ड्राय बाल्कनी.

मग वॉशिंग मशीनवर पाट ठेवला, पाटावर ओव्हन. मशीनमध्ये त्या क्षणी टॉवेल होते, पाण्यासकट, अर्ध्यावर थांबवलेले. डोक्यावर दोरीवर बायकोचे कुर्ते. ते एका बाजूला सारून मी गुडघ्यावर बसलो आणि ओव्हनच्या काचेतून आत बघू लागलो. खालच्या मजल्यावरच्यांनी वर पाहिलं असतं, तर वॉशिंग मशीनची पूजा चाललीय असं त्यांना वाटलं असतं.

आता प्रश्न वेळेचा. हा पदार्थ ओव्हनमधून थेट ताटात यायला हवा. वरचा थर निवला की चिवट होतो, आणि पुन्हा तापवला तर तूप सुटतं. म्हणजे पाहुणे कधी येणार ते ठाऊक हवं. ताई येणार ठाण्याहून, एक्स्प्रेसवेने. ताईच्या 'निघालोच' आणि प्रत्यक्ष निघण्यात किती अंतर असतं, ते आम्ही लहानपणापासून जाणतो. म्हणून मी टप्पे ठरवले. उर्से टोलनाका ओलांडला की ओव्हन नुसता तापवायला लावायचा. वाकड आलं की भांडं आत. चांदणी चौकाला फक्त वरची कॉइल, म्हणजे चीजला रंग येईल. योजनेत काही उणं नव्हतं. फक्त चांदणी चौकाला नवे पूल झाल्यापासून कोथरूडला नेमकं कुठून उतरायचं, यावर गाडीत एकमत होत नाही. ताईचे यजमान गाडी चालवत होते, ताई सांगत होती आणि नकाशा तिसरंच काही म्हणत होता. ती मंडळी बावधनकडून परत येईपर्यंत मी कॉइल लावत आणि बंद करत राहिलो. बायको तासाभरात दोनदा येऊन "टॉवेल कधी होणार?" असं विचारून गेली.

शेवटी बेल वाजली. औक्षण झालं, पंगत बसली, ताटांभोवती लेकीने रांगोळी काढली होती. मी ते भांडं आणलं. वरचा थर सोनेरी, कडांना तपकिरी, आत सॉस रटरटतोय. आई वाढायला डाव घेऊन उभी होती, ती तशीच थांबली.

"हे डावीकडे वाढायचं की उजवीकडे?"

कुणालाच सांगता येईना. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या. लेक म्हणाली, साइड डिश म्हणजे तोंडी लावणंच, डावीकडे वाढ. मी म्हणालो, भाजी आहे, उजवीकडे. आई म्हणाली, "भाजी असती तर उजवीकडेच वाढली असती. पण दिसतेय कुठे?" मग तिने ते वाटीत घातलं आणि वाटी ताटाबाहेर, फुलपात्राशेजारी ठेवली. ताटात कसंही वाढण्यापेक्षा ताटाबाहेर ठेवलेलं बरं, असा तिचा एकंदर भाव होता.

दुसरी अडचण अशी, की या पदार्थाला वरची बाजू एकच असते आणि पंगतीत माणसं आठ. प्रत्येकाला खरपूस पापुद्रा हवा होता. नवरीला मधला मोठा तुकडा गेला, यावर वाद नाही. जावई म्हणून एक करपलेला, उत्तम कोपरा ताईच्या यजमानांकडे गेला. उरलेल्यांना खालचा माल, म्हणजे हळदीच्या फ्लॉवरसह पिवळसर सॉस. यजमानांनी एक घास घेतला, "वा" म्हणाले, आणि आवाज खाली आणून विचारलं, "हिरवा ठेचा असेल का हो?" जावयाने मागितला म्हणजे आईला हुकूमच. ती इतक्या लगबगीने उठली, की ठेचा आधीच काढून ठेवला होता याबद्दल मला शंका उरली नाही. मग ठेचा सगळ्यांकडे फिरला. ठेचा, चीज आणि पोळी हे एकत्र फार चांगलं लागतं, हे इथे नमूद करतो. फ्रेंचांना कळवायला हरकत नाही.

आणि नवरी? जिच्यासाठी हा सगळा घाट, ती मोझरेलाची लांब तार काढून, तिचा फोटो काढून झाल्यावर म्हणाली, "मामा, कसलं भारी झालंय!" आणि मग आईकडे वळली. "आजी, अळू अजून आहे? आमच्याकडे कुणी करतच नाही." मी लेकीकडे पाहिलं. तिला एकदम जिलबीत रस निर्माण झाला होता.

संध्याकाळी सांगलीच्या आत्याचा फोन आला. आई तिला पाककृती सांगत होती. मी बाहेरच्या खोलीत, पण आवाज येत होता.

"अगं, काही नाही. पिठलं येतं ना तुला? झालं तर मग. फ्लॉवर आधी हळदीत टाकायचा, म्हणजे रंग येतो. जायफळ सढळ हाताने. हो, मीच केलं, त्याने नुसता ओव्हन लावला. ओव्हन ना? तो वॉशिंग मशीनवर ठेवायचा असतो."