सगळं मिठाच्या माथी नको

किनाऱ्यावरच्या खुरट्या झुडपांमागे वारा आणि वाळू आहे, या माझ्या लिखाणावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘किनाऱ्यावरची झुडपं जमिनीतल्या मिठामुळे खुरटतात, विषय संपला. पुण्यात बसून वाऱ्या-वाळूची पुराणं कशाला? ती झुडपं काढून सुरूची झाडं लावा.’

पुण्याचं आधी उरकतो. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवर १९०१ ते १९०८ दरम्यान ग्रंथ लिहिणारे थिओडोर कुक त्याआधी इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते. मी त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही, पण पत्त्यावरून कुणाला बाद करू नका.

आता मीठ. तुम्ही गुहागरचे, मग पुळणीमागच्या (किनाऱ्यावरच्या वाळूमागच्या) वाडीतली विहीर आठवा. पाणी गोडं ना? वाळूतलं मीठ पावसाळ्यात धुऊन जातं आणि गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. वाळूची टेकाडं म्हणजे भरतीचं पाणी शिरणारं खाजण नव्हे. मीठ झुडपाला गाठतं ते हवेतून. लाटांचे तुषार समुद्राकडचे कोवळे कोंब जाळतात, आडोशाची बाजू वाढत राहते. आमच्या सोसायटीच्या कुंपणाला कोयनेल आहे, माळ्याने महिनाभर दांडी मारली की खांद्याला लागते. तीच कोयनेल मी किनाऱ्यावर गुडघ्याएवढी पाहिली. पुढच्या काड्या करड्या, मागची पानं तुकतुकीत, सगळा पसारा भांग पाडल्यासारखा गावाकडे कललेला. पान जिभेला लावलं, खारट! (बायकोने फोटो काढलाय, तो टाकणार नाही.)

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर ऊस्टिंग आणि बिलिंग्ज या वनस्पती-अभ्यासकांनी १९४२ मध्ये या तुषारांवरच बोट ठेवलं होतं. म्हणजे मीठ तुमच्या बाजूचं, फक्त वाट वेगळी. पण मग तिथल्याच मिशिगन सरोवराचं काय करायचं? त्याचं पाणी गोडं. तरी काठाकडून आत जाताना गवत, झुडपं, झाडं अशी बदलत जाणारी वस्ती काउल्स या वनस्पती-अभ्यासकाने १८९९ मध्येच मांडली होती. तिथे खेळ सरकत्या वाळूचा. आपल्याकडेही वाळूवर पसरणारी मर्यादवेल पुढे टिकते, कारण वाळूत गाडली गेली तरी पेरापेराला मुळं फोडून वर येते. तिने वाळू धरली, थोडा पाला कुजला, की मागे भद्राक्ष, कोयनेल, केवडा यांना पाय रोवता येतात.

सुरू वारा अडवतो, हे मान्य. पण त्याचं खोड खालून मोकळं, आणि गळलेल्या काड्यांच्या गादीखाली दुसरं काही उगवायची मारामार. जमिनीलगत सरपटणारी वाळू झुडूपच धरतं.

जूनच्या आधी गावी जाणार असाल तर वाडीपुढच्या पहिल्या झुडपाशी एक खुणेची काठी रोवा. दिवाळीत गेलात की वाळू किती चढली ते कळवा. काठी दुसऱ्या कुणी उपटली नाही तर.