‘उपटसुंभ’ म्हणणाऱ्या वाचकांस: अंबाझरीच्या पाळीवरची झाडं

मागच्या आठवड्यात नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या मातीच्या धरणावर लिहिलं होतं. पाळीवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधावर, वाढलेली झाडं मुळासकट काढून पाळ पुन्हा कुटून घट्ट करायला हवी, एवढंच माझं म्हणणं होतं. त्यावर एक लांबलचक प्रतिक्रिया आली. खाली नाव नाही, म्हणून ‘आपण’ असंच म्हणतो. आपलं म्हणणं थोडक्यात असं: मी इंजिनियर नाही, ‘झाडांची मुळं माती धरून ठेवतात हे शाळेतल्या पोरालाही कळतं’, 2023 चा पूर सांडव्यावरून, म्हणजे तलावाचं जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेवरून आला, पाळ फुटून नव्हे, झाडं गेली तर पक्ष्यांनी आणि सकाळी फिरणाऱ्यांनी जायचं कुठे, आणि सांडव्याचे दरवाजे वेळेवर उघडले नाहीत असं मी लिहिलं ते साफ चूक. शेवटी मला ‘घरबसले उपटसुंभ’ म्हणून आपण मोकळे झालात.

दरवाज्यांचं आधी. ते चुकलंच माझं. पुराच्या त्या रात्री अंबाझरीच्या सांडव्याला दरवाजे नव्हते. तलाव भरला की पाणी आपोआप वरून वाहायचं. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार, मनापासून.

पण चूक दाखवायला शिवी लागते का? दोन ओळींत सांगता आलं असतं की दरवाजे नव्हते म्हणून. माझ्या लेखात कुणाला एक वाकडा शब्द नव्हता. झाडं काढा म्हणणारा माणूस दिसला की तो कंत्राटदाराचा नाही तर बिल्डरचा, असं धरूनच आपण लिहायला बसलात. मी वीस वर्षं नागपुरात राहतो, आणि कुठल्याही ठेकेदाराच्या घरचा चहा मी प्यायलेलो नाही.

आता मुळांबद्दल. आपलं ते एक वाक्य मला सहज सोडता येत नाही, कारण ते डोंगरउतारावर खरं आहे, नदीकाठावर खरं आहे आणि मातीच्या धरणावर खोटं आहे. उतारावर फक्त वरची माती धरायची असते. धरणात एका बाजूला पाणी उभं असतं आणि ते रात्रंदिवस पलीकडे जायची वाट शोधत असतं. मोठ्या झाडाची मुळं ओलीच्या मागे जातात, म्हणजे पाळीच्या आत, पाण्याच्या दिशेने. झाड जिवंत आहे तोवर ते आपल्याला दिसत नाही. झाड मेलं की मूळ आत कुजतं आणि त्याच्या जागी मातीत आरपार नळी तयार होते. पाण्याला हवी असते तीच वाट. पाझर त्या नळीतून वाढतो, मातीचे कण सोबत नेतो, नळी मोठी होते, आणि एका रात्री पाळ आतून पोकळ झालेली असते. वादळात झाड उन्मळून पडलं तर मुळांच्या गड्ड्याबरोबर पाळीचा मोठा लचका निघतो तो वेगळाच. दाट सावलीखाली गवत मरतं, आणि मातीच्या पाळीचं खरं पांघरूण गवत आहे. झुडपांच्या आडोशाला उंदीर-घुशी बिळं करतात, आणि गळती सुरू झाली तरी झाडीमुळे कुणाला दिसत नाही.

म्हणूनच मी ‘मुळासकट’ लिहिलं होतं. बुंधा कापून मुळं तशीच ठेवली तर ती कुजणारच, म्हणजे दुखणं आपण स्वतःच्या हाताने पेरलं. मुळं खणून काढायची, खड्डा तशाच मातीने थर देत भरायचा, प्रत्येक थर कुटायचा. लेखातला हा परिच्छेद आपण वाचलात की नाही, शंका आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी भंडारा जिल्ह्यातला. आमच्या गावाला मामा तलाव आहे, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, कोहळी लोकांच्या पूर्वजांनी बांधलेला. आमच्याकडे पाळीला पार म्हणतात, सांडव्याला सलंग आणि पाणी सोडायच्या जागेला तुडुम. माझे आजोबा तुडुम सांभाळायचे. पावसाळ्यात दिवसातून दोनदा ते पारीच्या पायथ्याने अनवाणी चालत, कारण ओल आधी तळपायाला कळते. कुठे झिरपताना दिसलं की ओंजळ धरायचे आणि मला म्हणायचे, “पाय बरं, निवळ हाय का गढूळ?” निवळ पाणी म्हणजे तलाव घाम गाळतोय, काळजी नाही. गढूळ म्हणजे माती चालली, गावात वर्दी द्यायची.

मी आठवीत असताना पारीवरची एक वाळकी बाभूळ लोकांनी खणून काढली. बुंध्याखाली एक भोक होतं. आजोबांनी त्यात हात घातला तो कोपरापर्यंत गेला, आणि बाहेर काढला तेव्हा बोटांना काळा, कुजका, ओला भुसा चिकटलेला होता. त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्याच दिवशी काळी माती आणली, धुमसाने कुटून कुटून ती जागा भरली, आणि त्यानंतर पारीवर रोप दिसलं की आजोबा उपटून टाकत. झाडांचा त्यांना तिटकारा नव्हता. घराभोवती नऊ आंबे त्यांनीच लावले. पारीवर नाही, एवढंच. शाळेतल्या पोराला काय कळतं ते मला ठाऊक आहे. तो पोर मी होतो.

आपल्याला गावचं उदाहरण पुरत नसेल तर कोकणातलं घ्या. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. मातीचंच, लहानसं. वीसच्या आसपास माणसं गेली. गळती होतेय म्हणून गावकरी आधीपासून सांगत होते. नंतर राज्यभर चर्चा झाली ती खेकड्यांमुळे धरण फुटलं या मंत्र्यांच्या विधानाची, त्या तक्रारींची नाही. अमेरिकेत जॉर्जियात टोकोआ इथे केली बार्न्स नावाचं असंच एक छोटं मातीचं धरण होतं. आधी विजेसाठी बांधलेलं, पुढे मागचा तलाव निव्वळ फिरण्या-पोहण्यापुरता उरला. 6 नोव्हेंबर 1977 च्या पहाटे ते फुटलं आणि खालच्या कॉलेजच्या आवारात 39 जण बुडाले. तपास करणाऱ्यांना एकच एक कारण ठामपणे सांगता आलं नाही. पण मला त्यात खटकतं ते दुसरंच. धरणाचं काम संपून त्याची ‘फिरायची जागा’ झाली की पायथ्याशी चालणारा माणूस संपतो. अंबाझरीचं तेच झालं. 1870 च्या सुमाराचं हे काम शहराला पाणी पाजायला झालं. पुढे पाणी दुसरीकडून येऊ लागलं, 1958 ला बाजूला बगीचा झाला, आणि आपल्या दोन पिढ्यांना अंबाझरी म्हणजे रविवारची संध्याकाळ आणि भाजलेली कणसं एवढीच माहीत.

राहिला 2023 चा मुद्दा. पूर सांडव्यावरून आला, मान्य. सांडव्यासमोरचा पुतळा, नाग नदीत झालेली बांधकामं, सगळं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं, त्यावर खूप लिहून झालंय, मी पुन्हा लिहीत बसत नाही. पण ‘तुम्ही तो पूर टीव्हीवर पाहिला असेल’ हे आपण कशाच्या आधारावर लिहिलंत? 23 सप्टेंबरच्या सकाळी मी डागा ले-आऊटमध्ये मावसबहिणीच्या घरी गुडघाभर चिखलात उभा होतो. भिंतीवर चिखलाची रेघ दाराच्या कडीच्या वर होती. लाकडी दार फुगून बसलं ते दिवाळीपर्यंत लागत नव्हतं, दाराला दोरी बांधून ती माणसं झोपायची. हे पाणी नुसतं सांडव्यावरून आलेलं होतं, पाळ शाबूत असताना. पाळ गेली असती तर काय झालं असतं, हा विचार त्या सकाळपासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही, आणि तो लेख मी त्यापायीच लिहिला. यात ‘लोकांना घाबरवायचा धंदा’ तुम्हाला कुठे दिसला?

पक्ष्यांचं म्हणाल तर तलावाच्या बाकीच्या काठांवर झाडी आहे, तिला हात लावा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. फिरणाऱ्यांना गवताच्या पाळीवरही फिरता येतं. इंजिनियर नसल्याबद्दल काय बोलू? नाही मी इंजिनियर. तुम्हीही आहात असं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. दरवाज्यांची चूक मी दुरुस्त केली. ‘उपटसुंभ’ हा शब्द तेवढा तुम्ही मागे घ्या.