टाळ्या कशाला वाजवायच्या ते तरी विचारा

आज एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या व्हेंडर मीटला गेले होते. नाव सांगत नाही, बिलं अडकलीत. हॉटेलचा हॉल, दीडेकशे माणसं, सगळी फौंड्रीवाली नाहीतर मशीनशॉपवाली. कंपनीचे क्वालिटी हेड उभे राहिले, पडद्यावर आलेख आला, आणि ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले की गेल्या सहा महिन्यांत तुमच्या कास्टिंगचं (ओतीव भागांचं) रिजेक्शन ३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर गेलंय. हॉलमधल्या माना खाली. आणि सूत्रसंचालक माईकवर उसळला, "वा, क्या बात है! तीनवरून पाच! ही घोडदौड अशीच चालू राहो! एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!"

आणि वाजल्या हो. मागच्या दोन रांगांनी वाजवल्या. माझेही हात दोनदा आपटले असतील, आता सवयच लागलीय सगळ्यांना.

शिरोलीपर्यंत गाडीत एकटीच हसत होते. मग मिस्त्री आठवले आणि हसू गेलं. म्हणून हे लिहायला बसलेय. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

माझ्या यादीतल्या अर्ध्या लोकांना माहीत आहे, आमची फौंड्री बाबांनी १९९२ साली सुरू केली. पहिल्या दिवशी कामावर चार माणसं होती, त्यातले एक मिस्त्री, पॅटर्नमेकर. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी: कास्टिंग ओतायच्या आधी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो, तो वाळूत दाबून साचा तयार होतो. गंमत अशी की ओतलेलं बीड गार होताना आकसतं, मीटरला साधारण १० मिलिमीटर. म्हणजे नमुना तेवढा मोठा करायचा. शिवाय तो वाळूतून अलगद निघावा म्हणून बाजूंना हलका उतार ठेवायचा, पुढे मशीनिंग होणार तिथे जादा माल सोडायचा. हे सगळं मिस्त्रींच्या डोक्यात आणि कानामागच्या पेन्सिलीत. ड्रॉइंगमधली चूक त्यांनी बाबांना दाखवून दिल्याचे किस्से आमच्याकडे जेवताना सांगितले जातात.

२०१७ साली फौंड्रीला २५ वर्षं झाली. मोठा कार्यक्रम केला. सूत्रसंचालक मी निवडला. पुण्याहून आणला, टीव्हीवर चेहरा दिसायचा, आवाज असा की पुढच्या रांगेतल्या बायका पदर सारखे करत होत्या. किती पैसे दिले ते बाबांना अजून खरं सांगितलेलं नाही.

जुन्या कामगारांचा सत्कार सुरू झाला. मिस्त्री नवाकोरा शर्ट घालून, टोपी नीट करून स्टेजवर आले. आणि त्या घनगंभीर आवाजात जाहीर झालं, "आणि आता, कंपनीचे ज्येष्ठ कारपेंटर!"

कारपेंटर. ज्या कोल्हापुरात यंत्रं घडवणाऱ्या म्हादबा मेस्त्रींचं नाव अजून लोक टोपी काढून घेतात, त्या कोल्हापुरात.

एवढ्यावर थांबलं नाही. शाल झाली, श्रीफळ झालं, फोटो झाला. मिस्त्री खाली उतरेनात. त्यांनी खिशातून वहीचा एक कागद काढला, चार घड्या घातलेला, पेन्सिलीने लिहिलेला. दोन शब्द बोलायचे होते. कार्यक्रमाला उशीर झाला होता, कारण उद्घाटनाची शायरी वीस मिनिटं चालली होती. हे साहेब हसत पुढे झाले, माईक अलगद स्वतःकडे घेतला आणि म्हणाले, "काकांचं मनोगत आपण त्यांच्या चेहऱ्यावरच वाचूया! जोरदार टाळ्या!"

टाळ्या पडल्या. फार पडल्या. मिस्त्रींनी कागदाच्या घड्या होत्या तशा घातल्या आणि खाली आले. मी पहिल्या रांगेत होते. उठले नाही.

आता मला सांगा, आपण ही माणसं निवडतो कशावर? आवाजावर. उंचीवर. "मेव्हण्याच्या लग्नाच्या रिसेप्शनला फार छान बोलला होता" यावर. लग्नात, गाण्याच्या कार्यक्रमात निवेदक दोन गाण्यांमधला पूल असतो. तिथे चारोळी चालते, आठवणी चालतात, लोक त्यासाठीच आलेले असतात. धंद्याच्या कार्यक्रमाला आलेला माणूस दुकान, मशीन, पार्टी सोडून आलेला असतो. त्याला दोन गोष्टी हव्या असतात, कामाचं काहीतरी कानावर पडावं आणि चार माणसांसमोर आपलं नाव धड घेतलं जावं. बस. आणि नेमक्या या दोन्ही गोष्टींवर आपला अँकर पाणी ओततो. प्रास्ताविकात सगळं आधीच सांगून टाकतो, पाहुण्याची ओळख पाहुण्याच्या भाषणापेक्षा लांब करतो, आणि प्रत्येक भाषणानंतर त्याच भाषणाचा गोषवारा आपल्यालाच परत ऐकवतो. आम्ही इथेच बसलो होतो ना रे बाबा. ऐकलं की.

मान्य, नुसता रुक्ष कार्यक्रम केला तर जेवणाआधीच अर्धा हॉल पार्किंगमध्ये असतो. तांबडा-पांढरा रस्सा वाट बघत असला की आणखी लवकर. थोडी गंमत लागते. पण गंमत आणि गोंधळ यात फरक आहे. डीलर मीटमध्ये साठीच्या माणसांना उभं करून "शेजाऱ्याच्या खांद्याला मसाज करा" हे कुणी शोधून काढलं, त्याला मला एकदा भेटायचंय.

मी एकच चांगला सूत्रसंचालक पाहिला. एका असोसिएशनच्या कार्यक्रमाला. शाळामास्तर, गडहिंग्लजकडचे, आवाज आपला साधाच, थोडा बसकाच म्हणा. कार्यक्रमाच्या एक तास आधी येऊन दारात उभे होते. ज्यांचा सत्कार होता त्या प्रत्येकाला गाठून विचारत होते, तुमचं आडनाव कसं म्हणायचं, तुम्ही नक्की काय करता, लोक तुम्हाला काय म्हणतात. छोट्या वहीत लिहून घेत होते. प्रमुख पाहुणे पन्नास मिनिटं उशिरा. (कधी वेळेवर येतात?) दुसरा कुणी असता तर शायरी काढली असती. मास्तरांनी प्रेक्षकांतले तीन म्हातारे कारखानदार हाताला धरून वर आणले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "तुम्ही विकलेला पहिला माल कुठला, आणि पैसे मिळाले का?" हॉल हसून लोळला. एकाने १९७०च्या आसपासची उसाच्या चरकाची गोष्ट सांगितली, पैसे मिळाले नव्हते, गूळ मिळाला होता. पाहुणे आले तेव्हा लोकांना वाटलं, आणखी दहा मिनिटं उशीर केला असता तर बरं झालं असतं.

चेन्नईहून आलेल्या साहेबांना त्यांनी मध्ये मध्ये दोन वाक्यांत हिंदीतून सगळं सांगितलं, मराठी माणसांना न कंटाळवता. स्वतः सगळं धरून किती बोलले असतील? मोजलं तर दहा मिनिटं.

बरं, आता एक गोष्ट कबूल करते. आजवर कुणाला सांगितली नव्हती, बाबांनाही नाही. "कारपेंटर" हे त्या पुण्याच्या माणसाने स्वतःच्या मनाने म्हटलं नव्हतं. त्याला यादी आम्हीच पाठवली होती, आदल्या रात्री अकरा वाजता, व्हॉट्सॲपवर. ऑफिसने ती पगारपत्रकातून उचलली होती. आणि पगारपत्रकात १९९२पासून मिस्त्रींच्या नावापुढे हुद्दा लिहिला होता, कारपेंटर. २५ वर्षं. दर महिन्याला त्याच्यापुढे सही होत होती. कधी माझी, कधी बाबांची.

म्हणजे तो बिचारा आमचाच कागद वाचत होता.

पण नाही, तरीही त्याला पूर्ण सोडणार नाही मी. पुण्याहून चार तास गाडीत बसून आला, दुपारी हॉटेलवर झोपला, संध्याकाळी इस्त्रीचा कोट घालून उभा राहिला. मधल्या वेळात एकदा खाली येऊन "हे काका काय करतात हो?" एवढं विचारता आलं नसतं? मास्तर विचारतात ना. आणि माईक? माईक काढून घ्यायला मी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं? "वेळ सांभाळा" एवढं मी नक्की म्हणाले होते. दोनदा म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी शॉपवर मिस्त्रींना गाठलं, माफी मागितली. ते रंधा मारत होते. म्हणाले, "ऱ्हाऊ दे की ताई. कारपेंटर तर कारपेंटर, लाकडाचंच काम हाय." मी म्हटलं, तो कागद द्या, मी वाचते. तर म्हणाले, "त्यो सकाळी बंबात घातला."

काय लिहिलं होतं, विचारलं. सांगितलं नाही. पुढे २०१९ला निवृत्त झाले तेव्हाही विचारलं, हसले नुसते. पगारपत्रकातला हुद्दा मात्र मी दुरुस्त करून घेतला होता, त्यांच्या शेवटच्या दीड वर्षासाठी का होईना.

तर कामाचं बोलते. पुढच्या महिन्यात आमच्या नव्या मोल्डिंग लाइनचं उद्घाटन आहे. मास्तरांना फोन केला होता, त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, उभं राहता येत नाही. कुणाच्या माहितीत कोल्हापूर-सांगली भागातला कुणी असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. बाई असो, पुरुष असो, आवाज कसाही चालेल. आदल्या दिवशी फौंड्रीत यावं लागेल, बंद बूट घालून, आणि दोन तास माणसांशी बोलावं लागेल. त्याचे पैसे वेगळे देईन. शायरी येत असेल तर ती घरी ठेवून यायची.

मिस्त्रींनाही बोलावलंय. आत्ता हे लिहायच्या आधीच फोन झाला. येतो म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "ताई, कागद आणू का नको, तेवढं आधी सांगा."