चौकशी लागली, मग पुढं काय झालं?

चौकशीचे आदेश निघाले की पेपरात चौकट येते. समिती नेमली, अमुक दिवसांत अहवाल, दोषींची गय केली जाणार नाही. सोलापुरात हे वाचता वाचता माझी अख्खी नोकरी झाली. रस्त्याचं काम असो, पोषण आहाराचा तांदूळ असो, नाहीतर पतसंस्थेत अडकलेल्या ठेवी. पण "अहवाल आला, त्यात हे निघालं, म्हणून अमक्यावर ही कारवाई झाली" अशी चौकट तुम्ही शेवटची कधी वाचलीत? माझं म्हणणं साधं आहे. चौकशी संपली की तिचा अहवाल लोकांसमोर आलाच पाहिजे. आणि ज्यानं जीव मुठीत धरून तक्रार केली, त्याला तो मागावा लागता कामा नये.

हे मी कुठून बोलतोय ते सांगतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा सापळा लागतो तेव्हा पंच म्हणून दुसऱ्या कार्यालयातले सरकारी कर्मचारी घेतात. नोकरीत असताना मी असा पंच होतो, पंच क्रमांक एक. म्हणजे तक्रारदारासोबत आत जायचं, मागणी आपल्या कानांनी ऐकायची, पैसे देता-घेताना आपल्या डोळ्यांनी बघायचं.

तक्रारदार एका कार्यालयातला शिपाई होता. बायकोच्या ऑपरेशनचं वैद्यकीय बिल मंजुरीला अडकलेलं, आणि ते पुढं सरकवायला त्याच्याच इमारतीतला लिपिक पैसे मागत होता. आधी पडताळणी झाली, मागणी रेकॉर्डरवर आली. मग सापळ्याच्या दिवशी एकेका नोटेचा नंबर पंचनाम्यात उतरवला. नोटांना फिनॉल्फथॅलीनची पावडर लावली आणि पथकातल्या एकानं त्या शिपायाच्या वरच्या खिशात ठेवल्या. "त्यानं मागितल्याशिवाय खिशाला हात लावायचा नाही," असं त्याला दोनदा बजावलं. शिपायानं ते इतकं मनावर घेतलं की वाटेत तहान लागली तेव्हा ग्लास मला धरायला लावला. दोन्ही हात मांड्यांवर तसेच.

लिपिकानं पैसे घेतले, मोजले, ड्रॉवरमध्ये टाकले. शिपायानं ठरल्याप्रमाणे रुमालानं तोंड पुसलं आणि पथक आत आलं. काचेच्या ग्लासात सोडियम कार्बोनेटचं द्रावण होतं, पाण्यासारखं स्वच्छ. त्यात लिपिकाची बोटं बुडवली आणि बोटांना लागलेल्या त्या पावडरीनं ते बघता बघता गुलाबी झालं. बाटलीत भरलं, लाखेचं सील केलं, लेबलवर आम्हा दोघा पंचांच्या सह्या. पंचनामा संपेपर्यंत रात्र झाली. एक ओळ कुणी गाळली नाही. म्हणून आपल्या यंत्रणेला काम येत नाही असं कुणी म्हटलं तर मी मान्य करत नाही. काम येतं, उत्तम येतं. घोंगडं भिजत पडतं ते त्यानंतर.

खटला भरायचा तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ प्रमाणे वरिष्ठांची मंजुरी लागते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे, फार तर आणखी एक महिना. निलंबनाबद्दल सुप्रीम कोर्टानं २०१५ साली सांगितलं की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढं ओढता येणार नाही. विभागीय चौकशी, म्हणजे कोर्टातल्या खटल्याहून वेगळी, खात्यानं स्वतः करायची चौकशी, शक्यतो सहा महिन्यांत आणि काही झालं तरी वर्षभरात संपवावी, हेही त्याच वर्षी त्याच कोर्टानं सांगितलं. कागदावर सगळं चोख आहे. प्रत्यक्षात तो लिपिक अकार्यकारी, म्हणजे निर्णयाचा संबंध नसलेल्या पदावर परत रुजू झाला, त्याच इमारतीत, फक्त मजला बदलला. शिपाई रोज त्याच जिन्यानं चढत-उतरत होता. बाकीच्यांनी त्याच्याबरोबर डबा खाणं बंद केलं. लाच मागणाऱ्याबरोबर मात्र सगळे चहाला जात होते. ही गोष्ट मला आजही सहन होत नाही.

पुढं काही वर्षांनी तो मला सात रस्त्याला भेटला. पहिला प्रश्न हाच. "साहेब, त्या चौकशीचं काय झालं ओ? मला कुणी काय कळवलंच नाही की." त्यानं माहिती अधिकारात अर्जही टाकला होता. उत्तर आलं, त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती असल्यानं देता येत नाही.

तक्रार त्याची, बिल त्याचं, सही त्याची, आणि तोच परका!

हे उत्तर हवेतून आलेलं नाही. २०१२ साली सुप्रीम कोर्टानं एका निकालात कर्मचाऱ्याला दिलेले मेमो, नोटिसा, शिक्षा ही सगळी वैयक्तिक माहिती ठरवली. तेव्हापासून माहिती अधिकार कायद्याचं कलम ८ (१) (जे) हे प्रत्येक कार्यालयाचं आवडतं कलम झालंय. पूर्वी त्या कलमातच व्यापक जनहिताची सोय लिहिलेली होती. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं तीही काढून टाकली. उरलंय ते कलम ८ (२). जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, असं ते सांगतं. देता येते, पण देणार कोण? ज्या टेबलावरून नकार द्यायचा तेच टेबल ठरवणार.

महालेखापरीक्षकांचा अहवाल विधिमंडळात मांडला जातो, त्यानंतर तो कुणीही वाचू शकतं. हजारो कोटींचे आक्षेप, योजनेच्या नावासकट. त्यानं राज्य बुडालं नाही. मग एका कार्यालयातली एक चौकशी उघड केली तर काय कोसळणार आहे? अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानं खात्याखात्यांत तिथलाच गैरकारभार तपासणारे इन्स्पेक्टर जनरल बसवले, आणि त्यांचे अहवाल खात्याच्या वेबसाइटवर टाकावे लागतात. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी त्यातल्या डझनाहून जास्त जणांना एका फटक्यात काढलं, म्हणजे तिथंही ही माणसं सुरक्षित नाहीत. पण आधीचे अहवाल लोकांच्या हातात होते. आपल्याकडे महाराष्ट्रात लोकायुक्त १९७२ पासून आहेत, देशात सगळ्यात आधी आपण ही व्यवस्था सुरू केली. त्या १९७१ च्या कायद्यात लोकायुक्तांच्या हाती काय? शिफारस.

या लपवाछपवीचा सगळ्यात जास्त मार प्रामाणिक माणसाला बसतो, आणि याबद्दल कुणी बोलत नाही. माझ्या ओळखीचे एक अभियंता निवृत्त झाले तेव्हा त्यांच्यावर चौकशी प्रलंबित होती. पेन्शन तात्पुरती, ग्रॅच्युइटी रोखलेली. मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. पै-पाहुणे विचारणार, "ते पैसे खाल्ल्याचं काय झालं?" काय सांगणार? शेवटी ते निर्दोष सुटले. आरोपाची बातमी फोटोसकट आली होती, सुटल्याची दोन ओळींचीसुद्धा नाही. अहवाल उघड असता तर त्यांनी तो बैठकीत फ्रेम करून लावला असता, असं त्यांच्या पत्नीनं मला सांगितलं.

तक्रारदार कोर्टात फितूर का होतो, असं लोक विचारतात. २०२२ साली घटनापीठानं सांगितलंय की तक्रारदार फितूर झाला किंवा वारला तरी परिस्थितिजन्य पुराव्यावर लाचेची मागणी सिद्ध होऊ शकते. चांगला निकाल आहे. पण वर्षानुवर्षं ज्याला एक पत्र पाठवलं नाही, त्यानं साक्षीच्या पिंजऱ्यात ठाम राहावं ही अपेक्षा कुठल्या तोंडानं करायची?

जिल्हा परिषदेला आणि महापालिकेला यासाठी नवीन कायदा लागत नाही. माहिती अधिकाराच्या कलम ४ मध्ये स्वतःहून माहिती जाहीर करायला सांगितलंच आहे. वेबसाइटवर एक तक्ता टाका: चौकशी कधी सुरू झाली, कशाबद्दल, चौकशी अधिकारी कोणत्या पदाचा, अहवाल कधी आला, निर्णय काय. चौकशी चालू असेपर्यंत नाव देऊ नका, माझी हरकत नाही. संपल्यावर मात्र अहवाल टाका.

तोवर आपण एक करू शकतो. माहिती अधिकाराचा अर्ज द्या, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. विषय एकच ठेवा आणि दीडशे शब्दांत बसवा. कुणाचंही नाव मागू नका, म्हणजे वैयक्तिक माहितीची ढाल पुढं करता येणार नाही. फक्त विचारा: आपल्या कार्यालयात एक वर्षाहून जास्त काळ प्रलंबित असलेल्या विभागीय चौकशा किती, त्यातली सर्वांत जुनी कोणत्या तारखेची, आणि गेल्या पाच वर्षांत किती प्रकरणांत तक्रारदाराला निर्णय लेखी कळवला. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा. मी माझा अर्ज दिलाय. तुम्हाला मसुदा हवा असेल तर कमेंटमध्ये तुमच्या कार्यालयाचं नाव लिहा, मी पाठवतो. जे उत्तर येईल ते जसंच्या तसं इथं टाकू.