मोटार बदलली म्हणून विहीर बदलत नाही

परभणीकडच्या आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘गूगल तुमचे मेल वाचून जाहिराती दाखवतं. थंडरबर्ड टाका, मेल गूगलकडं राहणारच नाही. नाहीतर प्रोटॉन घ्या, तिथं सगळं गुप्त. जीमेल आजच डिलीट करा.’

पहिलं वाक्य शिळं आहे. मेलमधल्या मजकुरावरून जाहिराती ठरवणं बंद करत असल्याचं गूगलनं २०१७ मध्येच जाहीर केलं.

थंडरबर्ड म्हणजे मेल बघायचं नुसतं ॲप. विहीर गूगलचीच, मोटार तेवढी दुसरी. आयमॅप या पद्धतीनं जोडलं की मेल गूगलच्या सर्व्हरवरच राहतात, म्हणून तर फोन आणि कॉम्प्युटर दोन्हीकडं सारखे दिसतात. पॉप या दुसऱ्या पद्धतीनं ते सर्व्हरवरून काढून घेता येतात खरे. पण मग सगळा साठा एकाच कॉम्प्युटरात. व्होल्टेज वर-खाली होऊन हार्ड डिस्क गेली, की बसा बोंबलत. मी स्वतः थंडरबर्डच वापरतो, पण तीन खाती एकत्र दिसतात आणि रेंज नसताना जुने मेल सापडतात म्हणून.

प्रोटॉन ही जीमेलसारखीच दुसरी मेल सेवा. तिथं दोन्ही टोकांना प्रोटॉन असेल तर मजकूर कुलूपबंद जातो. विषयाची ओळ तेव्हाही नाही. बँक, कॉलेज साधाच मेल पाठवतात, त्याची प्रत त्यांच्याकडं उघडीच. शिवाय प्रोटॉन थंडरबर्डमध्ये आणायला ब्रिज नावाचं जोडणारं ॲप लागतं, ते पैसे भरणाऱ्यांनाच मिळतं. मेसेज लिहिणाऱ्यानं दोन्ही कधी जोडून पाहिलेलं दिसत नाही.

‘डिलीट करा’ हे मात्र घातक. बारावीच्या लेकरांचे प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे फॉर्म त्याच पत्त्यावर भरलेले असतात. पूर्ण गूगल खातं उडवलं तर फोटो आणि ड्राइव्हही जातात. नवा पत्ता जरूर घ्या, पण जुन्यावरून फॉरवर्डिंग लावा आणि एकेका ठिकाणी पत्ता बदलत जा.

आणि त्याआधी रिकव्हरीचा नंबर कुणाचा आहे ते बघा. माझ्या पुतण्याचं खातं नेट कॅफेवाल्यानं काढलं होतं, नंबर स्वतःचा टाकून. पासवर्ड विसरला तेव्हा ओटीपी त्या दुकानदाराच्या फोनवर, आणि दुकानदार लग्नाला लातूरला. तीन चकरा झाल्या. आता नंबर पुतण्याच्या आईचा आहे आणि पासवर्ड रेशनकार्डाच्या पिशवीत.